साडेपाचशे मार्कांना सीट मिळेल का? नीटनंतरचं गणित, कोकणातल्या पालकांसाठी

"सर, चेडवाक साडेपाचशे पडले. सीट गावतली मां?"

निकालाच्या दिवसांत कुडाळ, कणकवली, राजापूर, चिपळूण, सगळीकडून हा एकच प्रश्न येतो. त्यामागे घराची दोन वर्षांची ओढाताण असते, म्हणून घाईने "हो" किंवा "नाही" म्हणून मोकळं होता येत नाही. खरं उत्तर असं: नुसत्या मार्कांवरून कुणालाच सांगता येणार नाही. मार्क हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग दाखले, कोटा, फेऱ्या आणि पसंतीक्रमाचा फॉर्म यांत असतो. त्या अर्ध्याला क्लासची फी लागत नाही, वेळेवर मिळालेली माहिती लागते. आपल्याकडची मुलं अभ्यासात कमी पडत नाहीत, पण या दुसऱ्या अर्ध्यात हातची जागा घालवतात, आणि ते मला फार लागतं. म्हणून हा लेख.

मार्क, पर्सेंटाइल आणि क्रमांक

नीट ही एमबीबीएससह वैद्यकीय शाखांच्या पदवी प्रवेशासाठी देशभर होणारी एकच परीक्षा. राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, ती घेते. २०२५ पासून १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला एक वजा, एकूण ७२०.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी किती जण तुमच्या मागे आहेत, हा तो आकडा. खुल्या गटात ५० पर्सेंटाइल आले की विद्यार्थी पात्र ठरतो. २०२५ मध्ये ही रेघ ७२० पैकी १४४ गुणांवर आली. त्या वर्षी २२ लाखांहून अधिक मुलं बसली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या जवळपास, म्हणजे एका जागेमागे साधारण दहा पात्र मुलं. निकालावर पात्रतेचा शिक्का दिसला म्हणून पेढे वाटू नयेत, असं मी सांगतो ते यासाठी.

मार्कांचं मोल दरवर्षी बदलतं, ही गोष्ट पालकांच्या लवकर गळी उतरत नाही. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ चा पेपर, त्यातही भौतिकशास्त्र, इतका कठीण गेला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते आणि ६५१ च्या वर अख्ख्या देशात फक्त ७३ विद्यार्थी होते. आदल्या वर्षी त्याच पट्ट्यात हजारो मुलं होती. त्यामुळे "शेजारच्या मुलाला सहाशेला मिळाली नव्हती, आता साडेपाचशेला काय मिळणार" या बोलण्यात अर्थ नाही. निकालाच्या कागदावर बघायचा तो अखिल भारतीय क्रमांक. त्यानंतर राज्याच्या गुणवत्ता यादीत आपण कुठे आहोत, ते बघायचं.

एकच क्रमांक, दोन रांगा

गणपती आटोपून मुंबईला परतायचं तिकीट काढताना काय होतं, ते आपल्याला पाठ आहे. कणकवलीवरून वेटिंग दिसतं, तीच गाडी मडगावहून धरली तर कन्फर्म मिळतं. गाडी एक, डबे तेच, पण प्रत्येक स्थानकाचा कोटा वेगळा. वैद्यकीय प्रवेशही असाच चालतो.

सरकारी महाविद्यालयातल्या १०० जागांपैकी १५ अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. देशातला कुणीही पात्र विद्यार्थी त्यांवर अर्ज करू शकतो. उरलेल्या ८५ जागा राज्याच्या. त्या महाराष्ट्राचा सीईटी कक्ष भरतो आणि त्यांवर हक्क महाराष्ट्राच्या मुलांचा. एम्स आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागा एमसीसीकडे. महाराष्ट्रातल्या खासगी महाविद्यालयांच्या जागा सीईटी कक्षाकडे, त्यांतल्या १५ टक्के संस्थात्मक कोट्याच्या, ज्याला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. नीटचा फॉर्म भरला म्हणजे सगळीकडे नाव गेलं, असं समजून बसलेली घरं मी पाहिली आहेत.

पूर्वी राज्याच्या जागांतही विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची वाटणी होती. २०२० मध्ये ती रद्द झाली. आता मालवणचा मुलगा आणि लातूरचा मुलगा एकाच यादीत उभे असतात.

"गोवा जवळ आहे, अकरावी-बारावी तिथे केली तर?"

या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण दोडामार्ग, सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याच्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थांतून उत्तीर्ण असावी लागतात. बदलीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे थोडे अपवाद आहेत, पण बांदा किंवा आरोंद्याच्या सामान्य घराला ते लागू होत नाहीत. दहावी गावात केली आणि अकरावी-बारावीसाठी रोज बसने पेडण्याला किंवा म्हापशाला गेलं, तर ते मूल महाराष्ट्राच्या कोट्यातून बाहेर पडतं. गोव्याच्या राज्य कोट्यासाठी तिथला दीर्घ रहिवास लागतो, तोही त्याच्याकडे नसतो. म्हणजे दोन्ही राज्यांच्या रांगांतून नाव गेलं आणि हाती उरल्या त्या देशभराच्या १५ टक्के जागा, नाहीतर महागडी अभिमत विद्यापीठं.

क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला पाठवणाऱ्यांसाठीही हाच इशारा. क्लास कुठेही लावा, पण बारावीचा प्रवेश आणि परीक्षा कुठल्या राज्यातली, हे अकरावीच्या ॲडमिशनआधी लेखी विचारून घ्या. काही क्लासवाले मुलाचं नाव तिथल्याच एखाद्या शाळेत घालतात आणि पालकांना ते दोन वर्षांनी कळतं. तेव्हा काहीही दुरुस्त करता येत नाही.

तहसील आणि सेतूतली कामं अकरावीतच

अधिवास दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला. यांतले बहुतेक सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मिळतात. वेळ खाते ती जात वैधता. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून मिळाला तरी तो जिल्हा जात पडताळणी समितीने तपासून वैधता प्रमाणपत्र दिल्याशिवाय राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही. समितीला पणजोबांपर्यंतचे पुरावे लागू शकतात, म्हणजे शाळेचे जुने रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा. आपल्याकडे निम्मं कुटुंब मुंबईत, आजोबांची शाळा गावात आणि आडनाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, असा प्रकार घराघरांत. ही जुळवाजुळव जुलैच्या पावसात, फेरीची तारीख दोन दिवसांवर आलेली असताना होत नाही. अकरावीत महाविद्यालयामार्फत अर्ज करा. नॉन-क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे प्रवेशाच्या वर्षी चालेल असाच दाखला हातात हवा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार कमी जणांना माहीत असते. राज्याच्या वैद्यकीय प्रवेशात डोंगरी भागातल्या मुलांसाठी वेगळ्या राखीव जागा आहेत आणि सह्याद्रीच्या पायथ्याची कितीतरी कोकणी गावं डोंगरी यादीत मोडतात. गाव यादीत आहे का आणि त्या वर्षीच्या अटी काय, हे सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत बघून तहसील कार्यालयात विचारा.

पसंतीक्रम: मन मारून लिहू नका

"केईएम वर टाकलं आणि ते मिळालं नाही, तर आपल्या सिंधुदुर्गातल्या ओरोसची सीटपण जाईल ना?" या भीतीने मुलं आवडतं कॉलेज खाली लिहितात किंवा लिहीतच नाहीत. भीती चुकीची आहे. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो आणि त्याच्या फॉर्मवर वरून खाली बघत जातो. जिथे त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक असेल ती त्याला देतो, मग पुढच्या मुलाकडे वळतो. तुमची पाळी आली की केईएम भरलेलं असेल तर तो खालच्या नावाकडे जातो. केईएम वर लिहिल्याने ओरोसवरचा तुमचा हक्क तिळभरही कमी होत नाही. म्हणून खरोखर हवं तेच वर, त्याखाली दुसरं, असं उतरत जायचं. आणि मिळालं तरी जाणार नाही असं एकही नाव लिहायचं नाही.

पहिल्या फेरीत वरच्या मुलांना दोन-दोन ठिकाणी जागा मिळतात. कुणी एम्सला जातं, कुणी दुसरं राज्य धरतं आणि मागच्यांचं वेटिंग पुढे सरकतं. म्हणून पहिल्या फेरीत नाव आलं नाही तर घरात सुतक पाळण्याचं कारण नाही.

नाव आलं आणि प्रवेश घेतला, की राज्याच्या प्रक्रियेत 'स्टेटस रिटेन्शन' नावाचा फॉर्म समोर येतो. तो भरला म्हणजे ही जागा मला कायमची मान्य, पुढच्या फेरीत माझा विचार नको. तो न भरता प्रवेश घेतला तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी विचार होतो. मात्र वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते आणि ती परत मागता येत नाही. हा फॉर्म घाईत, ऑफिसातल्या गर्दीत सही करून देऊ नये. पुढच्या फेऱ्यांत सीट सोडली तर अनामत बुडते, काही टप्प्यांनंतर मोठा दंडही बसतो. हे नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका हाच आधार. व्हॉट्सॲपवरच्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, ओपीडी बघा

दहा-बारा वर्षांपूर्वी दक्षिण कोकणात एकही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. रात्री अपघात झाला की सिंधुदुर्गातला माणूस गोव्यात बांबोळीला न्यायचा आणि रत्नागिरीतला कोल्हापूरला किंवा मुंबईला. आजही गंभीर रुग्णांची ती वाट पूर्ण सुटलेली नाही. पण ओरोस आणि अलिबागला २०२१-२२ च्या सत्रात, रत्नागिरीला २०२३-२४ मध्ये सरकारी महाविद्यालयं सुरू झाली, प्रत्येकी १०० जागांची. खासगीत सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर आणि सिंधुदुर्गात पडव्याचं एसएसपीएम आहे.

"नवीन कॉलेज म्हणजे डिग्री कमी दर्जाची" असं बोललं जातं. तसं नाही. अभिमत विद्यापीठं आणि एम्स सोडली तर राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. १८४५ पासूनच्या ग्रँट मेडिकलचा मुलगा आणि ओरोसचा मुलगा एकच पेपर लिहितात आणि त्यांच्या पदवीवर एकाच विद्यापीठाचं नाव असतं. फरक आहे, पण तो दुसरीकडे. जुन्या महाविद्यालयात रुग्णांचा पूर असतो, हाताखाली घेऊन शिकवणारे निवासी डॉक्टर असतात, अतिविशेष विभाग असतात. नव्या ठिकाणी प्राध्यापकांची पदं रिकामी असू शकतात, वसतिगृह भाड्याच्या इमारतीत असू शकतं. त्याच वेळी जिल्हा रुग्णालय असल्याने साप चावलेला, लेप्टोचा, अडलेल्या बाळंतपणाचा रुग्ण थेट विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर येतो.

तेव्हा शक्य असेल तर एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी रुग्णालयात प्रत्यक्ष जा. केसपेपरच्या खिडकीपाशी रांग आहे का? वॉर्डातल्या खाटा भरलेल्या आहेत का? महिन्याला किती बाळंतपणं होतात, शस्त्रक्रिया रोज होतात का, हे इंटर्नना विचारा. ती मुलं खरं सांगतात. काचेची चकचकीत इमारत आणि रिकामे वॉर्ड असतील, तर फी कितीही कमी असली तरी मी तिथे माझं मूल घालणार नाही. रुग्णाशिवाय डॉक्टर घडत नाही.

आपल्या भागातल्या रुग्णांकडून काय शिकता येतं, याचं उदाहरण महाडचं आहे. लाल विंचवाच्या दंशाने रायगड-रत्नागिरीत माणसं मरत होती. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी इथल्याच रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोडामार्ग-सावंतवाडीच्या काजूबागांतला माकडतापही असाच, पुस्तकात दोन ओळींचा आणि आपल्या दारात रोजचा.

पैशांचं काय?

सरकारी महाविद्यालयाची फी वर्षाला साधारण लाख-दीड लाख. खासगीची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती याच्या कितीतरी पट असते. संस्थात्मक कोट्यात त्याहूनही जास्त, आणि अनेक अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या पुढे. अभ्यासक्रम साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी जागेवर शिकलेल्यांना नंतर एक वर्ष सेवेचा बाँड असतो. याला लोक घाबरतात, पण ते वर्ष एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं तर डॉक्टरच्या हाताला आणि कोकणालाही त्याचा उपयोगच होतो.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट विसरू नये. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. मान्यताप्राप्त खासगी महाविद्यालयांनाही ती लागू आहे. व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठांना नाही. फीचा आकडा बघूनच मुलीच्या फॉर्मवरून खासगी कॉलेजं खोडणाऱ्या बापांनी हा निर्णय आधी वाचावा.

आणि निकालानंतर "मॅनेजमेंटमधून करून देतो, टोकन भरा" असे फोन येतात. संस्थात्मक कोट्याच्या जागाही आता गुणवत्तेनुसार अधिकृत प्रक्रियेतूनच भरल्या जातात. फोनवरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं.

"बोर्डात आमचा विभाग पहिला, मग नीटमध्ये काय अडतं?"

रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण मंडळ दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात वरचं स्थान राखून आहे. २०२४ चा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. मुलं हुशार आणि शिस्तीची आहेत, यात वाद नाही. पण बोर्डाच्या पेपरात अर्ध्या उत्तरालाही अर्धे गुण मिळतात. नीटमध्ये प्रत्येक प्रश्नाला सरासरी एक मिनिट आणि अर्ध्या कळण्याला वजा एक. शिवाय मराठी माध्यमातलं मूल अकरावी विज्ञानाला येतं तेव्हा सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं. पहिले सहा महिने ते विषयाशी नाही, भाषेशी झगडत असतं, आणि आपण म्हणतो अभ्यासात लक्ष नाही. नववी-दहावीतच विज्ञानाच्या इंग्रजी संज्ञा मराठीशेजारी लिहून ठेवायची सवय लावली, तर हे सहा महिने वाचतात. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात, हे लक्षात घेऊन ठरवा.

अभ्यासासाठी जीवशास्त्राला एनसीईआरटीचं पुस्तक, ओळ न् ओळ, आकृतीखालचा मजकूरसुद्धा. अर्धा पेपर तिथे आहे, आणि गुण समसमान झाले तर आधी जीवशास्त्राचेच गुण बघितले जातात. भौतिकशास्त्राला रोज उदाहरणं सोडवण्याला पर्याय नाही. दर आठवड्याला घड्याळ लावून पूर्ण पेपर, आणि त्यानंतर चुकलेल्या प्रश्नांवर पेपरइतकाच वेळ. क्लास लातूरचा असो की कणकवलीचा, हा वेळ कुणी दुसरं भरून देत नाही.

अंदाजाने उत्तर द्यावं का? दहा प्रश्नांत डोळे मिटून गोळे काळे केले तर सरासरी अडीच बरोबर येतात. १० मिळतात, साडेसात जातात, हाती अडीच गुण, तेही नशिबावर. पण चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दहांत पाच बरोबर, म्हणजे २० वजा ५, पंधरा गुण. त्यामुळे "कधीच अंदाज करू नका" हेही खरं नाही. पर्याय बाद करायला शिकवणं, हीच खरी तयारी.

यंदा नाही झालं तर

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, वरची वयोमर्यादाही नाही. पण ड्रॉप, म्हणजे पुन्हा नीटसाठी एक वर्ष, घेण्याआधी मुलाला एकटं बसवून विचारा, आणि ते काय म्हणतं ते ऐका. मागच्या वर्षी अभ्यास पूर्ण झाला होता पण पेपरात वेळ पुरला नाही, असं असेल तर एक वर्ष सार्थकी लागतं. पुस्तकंच आवडत नसतील तर दुसरं वर्षही तसंच जाईल.

याच निकालावर बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि फिजिओथेरपीचे प्रवेश होतात. आयुर्वेद महाविद्यालय सावंतवाडीतही आहे. परदेशात स्वस्तात एमबीबीएसची जाहिरात दिसली तर दोन गोष्टी विचारा: तिथे शिक्षण इंग्रजीतून आणि किमान ५४ महिन्यांचं आहे का, आणि परत आल्यावर द्यावी लागणारी एफएमजीई परीक्षा तिथले किती विद्यार्थी पास होतात. जून २०२४ च्या सत्रात ती देशभरात जेमतेम २१ टक्के मुलांना सुटली. नीटची पात्रता परदेशी जातानाही लागतेच. एजंट ती नको म्हणाला, तर तिथूनच उठा.